रोझालीच्या गाडीतला माइक

रोझाली वोय्तास दुकानात आली ती भावाला घेऊन. भाऊ ॲरिझोनात होता. म्हणजे ती आली, काउंटरवर तिनं फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि तो तिथून बोलायला लागला. एवढ्या लांबून आमच्या दुकानात हुज्जत घालायला आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

"थेल्मा, तिला मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ दाखवू नकोस," टेड म्हणाला. "गाडी चालवायची सोडून त्याच्याकडेच बघत बसेल."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. "नाहीतर मी तिला सिनेमाच लावून देणार होते."

टेडला विनोद कळत नाही. शाळेतही कळत नसे. आम्ही सगळे बे सिटीच्या दक्षिण टोकाचे, एकाच चर्चचे, एकमेकांच्या आयांच्या हातचं खाऊन वाढलेले. टेड शाळा सुटल्या सुटल्या ऊन शोधत निघून गेला आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात फोन करून तिकडे किती ऊन आहे ते सांगतो. रोझाली राहिली. तू राहा, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. बाकीचे एकेक करून गेले आणि शेवटी ती उरली, एवढंच.

मी आणि माझा नवरा ऑर्व्हिल, आम्ही दोघं गाडीचे स्टिरिओ विकतो आणि बसवतो. तो मागच्या गॅरेजमध्ये, मी पुढं काउंटरवर. ऑर्व्हिल दिवसाकाठी मोजकं बोलतो, त्याच्या वाटचंही मीच बोलते, त्यामुळे मी फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. पण त्या दिवशी रोझालीकडे बघून मी जरा जीभ आवरली. तिनं डोक्यावरची लोकरीची टोपीही काढली नव्हती. दंतवैद्याकडे बसावं तशी ती बसली होती.

रोझालीचं रोजचं आयुष्य मला माहीत होतं, कारण आमच्या गावात ते सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं. ती फ्लिंटला जाते, आरोग्यविमा कंपनीत. दिवसभर कानाला हेडफोन. त्यातून लोक ओरडतात: माझं ऑपरेशन का नामंजूर केलंत, माझ्या बायकोचं बिल का परत आलं. तिनं काही नामंजूर केलेलं नसतं, पण ओरडा तिनं खायचा. "माझे कान मी भाड्यानं दिलेत थेल्मा," ती मला एकदा म्हणाली होती. लग्न एकदा झालं, टिकलं नाही, त्याबद्दल ती बोलत नाही. घरी वडील. कॅस वोय्तास, बीटाच्या साखर कारखान्यात जन्म गेला त्यांचा. एके काळी गुरुवारच्या पत्त्यांच्या डावात कॅसच्या समोर बसायला लोक घाबरायचे, कारण कुणाच्या हातात काय उरलंय ते म्हाताऱ्याला पक्कं माहीत असायचं. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते माहीत नसतं.

दिवसा शेजारची इर्मा त्यांच्यापाशी बसते. पण पाच वाजले की इर्माला नवऱ्याला डायलिसिसहून आणायला जावं लागतं, आणि रोझालीला फ्लिंटहून घरी पोचायला तास लागतो. त्या तासाभरात म्हातारा एकटा. एकटा पडला की फोन घेऊन बसणार. रोझी कुठं आहेस. रोझी केव्हा येणार. ठेवला की पुन्हा. रोझी कुठं आहेस.

आणि रोझालीच्या अख्ख्या दिवसात तो तासच काय तो तिचा होता. गाडी वडिलांचीच, लांबलचक, तपकिरी. त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्यापासून तीच चालवत होती. आतला जुना टेप कधीच बंद पडलेला. त्यात त्यांची पोल्का नाचाच्या गाण्यांची कॅसेट अडकून बसली होती, ना वाजत होती ना बाहेर येत होती. रोझालीला ते ठीक होतं. "दार लावलं की कुणी काही मागत नाही," ती म्हणायची. "नुसता रस्ता. शेतं. मी काही विचारसुद्धा करत नाही." फोन वाजला तर ती एका हातानं उचलायची, दोन शब्द बोलायची, ठेवायची. कधी उचलायचीही नाही.

मग राज्यानं कायदा केला की गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही. रोझाली लगेच पकडली गेली. पोलिसानं काच खाली करायला लावली तेव्हाही हातातल्या फोनमधून म्हातारा विचारत होता, रोझी कुठं आहेस. तिनं दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी फोन पर्समध्ये टाकून पर्स मागच्या सीटवर ठेवली. वाजू दे म्हटलं. तो वाजत राहिला, ती गाडी चालवत राहिली. तिनं मला सांगितलं, किती दिवसांनी बरं वाटलं होतं म्हणून.

घरी पोचली तर दार सताड उघडं. म्हातारा स्लिपर घालून बर्फात निघून गेला होता, रोझीला शोधायला. नदीच्या पुलापर्यंत गेला होता. बर्फ सारणाऱ्या गाडीवाल्यानं ओळखलं आणि शेजारी बसवून परत आणलं. पायाची बोटं वाचली, हे नशीब.

तर त्यावरून ही सगळी वरात आमच्या दुकानात आली होती. टेडनं फर्मान काढलं होतं. एक तर पांना, म्हणजे वडिलांना, वृद्धाश्रमात ठेव, नाहीतर गाडीत असा स्टिरिओ बसव की फोन चुकणार नाही. पैसे मी देतो. वृद्धाश्रमाला रोझाली तयार नव्हती. पा तिथं आठवडा काढायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. म्हणजे निवड झालीच होती. राहिला होता फक्त रंग.

मी एकेक खोका काढला. या जुन्या गाड्यांत सेट बसवायची खाच लहान, एकमजली, त्यामुळे निवडायला फार नसतं. तरी चार-पाच मांडले. निळ्या दिव्याचा, लाल दिव्याचा, हवा तो रंग बदलणारा. सगळ्यांत बिनतारी गाणी, बिनतारी फोन. फोन खिशात राहू दे, गाडी सुरू झाली की आपसूक जोडला जातो. मी नेहमीचं पाठ केलेलं बोलून दाखवलं.

रोझालीनं फोनवर हात ठेवला, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि हळूच विचारलं, "असा नाही का गं, ज्यात गाणी येतील पण फोन येणार नाही?"

"असा आता मिळत नाही बाई," मी म्हटलं. "गाणीही फोनमधूनच येतात ना. नवरा आणला की त्याच्याबरोबर सासू येते, तसं आहे ते."

"मग नुसता रेडिओ?"

"कसला रेडिओ?" टेडचा आवाज तिच्या बोटांमधून आला. "हात काढ फोनवरनं. मला सगळं ऐकू येतंय. थेल्मा, मी वाचलंय, काही मॉडेलमध्ये फोन आपोआप उचलला जातो. बटण दाबायलाच नको. तसला दे."

मला त्याचा राग आला. असं मॉडेल नाही, असं ठोकून द्यावं असं तोंडाशी आलं होतं. पण त्यानं वाचलं होतं. घरबसल्या सगळं वाचतात मेले आणि मग आम्हाला शिकवतात.

"आहे," मी म्हटलं. "या दोन्हींत आहे."

"बस. म्हणजे ती सबबच सांगू शकणार नाही. रोझ, ऐकतेयस ना? मी काही तुझ्यावर आरोप करत नाहीये. पण परत तसं झालं तर? पुलावरनं खाली गेले असते तर?"

"ऐकतेय टेड," रोझाली म्हणाली.

"मग सांग कुठला."

तिनं दोन्ही सेट हातात घेतले. एकाचं आवाजाचं बटण बारीक, दाबायचं. दुसऱ्याचं मोठं, गोल फिरवायचं. तिनं ते गोल बटण फिरवून बघितलं, पुढं, मागं, पुन्हा मागं.

"हा," ती म्हणाली.

"का?" टेडनं विचारलं.

"आवाज बारीक करायचा झाला तर चटकन हाताला सापडेल."

"आवाज बारीक करू नकोस हं."

"नाही करणार टेड."

ती इतक्या निमूटपणे म्हणाली की मला त्या भावाला फोनसकट कचऱ्यात टाकावंसं वाटलं. टेडचं चुकत होतं असंही नाही, आणि तोच तर वैताग होता. म्हातारा खरंच पुलापर्यंत गेला होता.

ऑर्व्हिलनं गाडी आत घेतली. जुना टेप उचकटून काढला, आतली कॅसेट चिमट्यानं सोडवली आणि रोझालीच्या हातात दिली. तिनं ती पर्समध्ये ठेवली. फोन बंद झाला होता, टेडला तिकडे गोल्फ होतं. रोझाली पुढच्या सीटवर बसून ऑर्व्हिलचे हात बघत होती. मी चिकटपट्टी द्यायला आत गेले तेव्हा ती खोक्यात उरलेल्या वायरींत बोट घालून बघत होती.

"हे काय आहे?"

वाटाण्याएवढं काळं बोंडुक, मागं लांब वायर.

"माइक," मी म्हटलं. "वर सनशेडला लावायचा. त्याची वायर मागनं सेटमध्ये जाते. तू बोललेलं त्यातनं जातं."

"फोनमधून नाही जात?"

"फोन सेटला जोडला गेला की नाही. फोन बिचारा गप्प बसतो. मग जे काय ते या बोंडकातनं."

"आणि लावलाच नाही तर?"

मी ऑर्व्हिलकडे बघितलं. तो डॅशबोर्डखाली पाठीवर पडला होता, नुसते गुडघे दिसत होते.

"तर तुला त्यांचं सगळं ऐकू येईल," मी म्हटलं. "तुझं त्यांना काही जाणार नाही."

तिनं तो माइक तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. मग टोपी नीट केली आणि म्हणाली, "हा राहू दे. मी लावीन माझी मी."

ऑर्व्हिल खालून बाहेर आला. अर्धवट काम गॅरेजबाहेर सोडायचं म्हणजे त्याच्या पोटात दुखतं.

"तिची ती लावणार आहे," मी म्हटलं.

"तिला कसा लावता येईल? सगळं परत खोलावं लागेल."

"ऑर्व्हिल. तिची ती लावणार आहे."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली त्याचा एवढा फायदा आहे. त्यानं डॅशबोर्ड बंद केला.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारांना मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाचं जेवण असतं. मी तिथं कोबीची कोशिंबीर वाढते. एका शुक्रवारी रोझाली एकटी आली, इर्मानं तेवढ्यापुरता म्हातारा सांभाळला होता. गर्दी ओसरल्यावर मी माझी थाळी घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले.

"काय म्हणतोय स्टिरिओ?"

तिनं आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे बटाट्यावर तुटून पडले होते.

"पहिल्या दिवशी हायवेला लागते न लागते तोच फोन आला," ती सांगायला लागली. "आपोआप उचलला गेला. रोझी, रोझी, कुठं आहेस. चारी बाजूंनी पांचा आवाज. छतातून, दारातून. मी म्हटलं, येतेय पा. सवयीनं बोलले गं. त्यांना कुठलं ऐकू जायला. परत रोझी, रोझी. माझं धाबं दणाणलं. वाटलं, आता हे फोन ठेवणार आणि बूट घालणार. मी वेग वाढवला. आणि मग ते म्हणाले, बरं, गाडी चालवतेयस होय. चालव, चालव. मी बोलतो."

"आणि?"

"आणि बोलले. घरी पोचेपर्यंत. रोज बोलतात. आता तर विचारतसुद्धा नाहीत कुठं आहेस म्हणून. एकदम सुरूच होतात."

कारखान्यातल्या हंगामाबद्दल बोलतात म्हणे. बीटाचे ढीग पेटल्यासारखे वाफाळायचे त्याबद्दल. रोझालीच्या आईला पहिल्यांदा नाचताना बघितलं तेव्हा तिच्या बुटाचा पट्टा तुटला होता, त्याबद्दल. जे आयुष्यात कधी घरात बोलले नाहीत ते.

"मंगळवारी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मीही एकदा निघून चाललो होतो रोझी. कॅलिफोर्नियाला. तुझ्या आईला न सांगता. बॅग घेऊन बसच्या स्टँडपर्यंत गेलो होतो."

माझा घास हातातच राहिला. कॅस वोय्तास म्हणजे आमच्या गावातला खांब. तो हलेल असं कुणाच्या मनात आलं नसतं.

"मी विचारलं, मग परत का आलात? गाडीत एकटीच, मोठ्यांदा विचारलं. दोनदा विचारलं. ते आपले इर्माच्या सुपावर गेले. सुपात मीठ कमी असतं म्हणाले."

ती हसली, मग हसू मध्येच गेलं.

"घरात गेलं की तसं नसतं. आत पाऊल टाकलं की ते फोन ठेवतात आणि जेवायला काय आहे विचारतात. कधी मला इर्मा म्हणतात. मी बोलायला लागले की चिडतात. गोळी घ्या म्हटलं की थुंकतात. कधी कधी मलाच विचारतात, रोझी कधी येणार. मग मी म्हणते, येईल आता."

"टेडला सांगितलंस?"

"टेड खूश आहे. पा किती शांत झालेत म्हणतो. स्टिरिओनं काम केलं म्हणतो. सगळ्यांना सांगत सुटलाय, मीच निवडून दिला म्हणून."

मी विचारायला नको होतं, पण विचारलंच. "आणि तुझं काय? तुझा तो तास?"

"तो गेला," ती म्हणाली. "पण बोलावं लागत नाही. तेवढं आहे."

मला तेव्हा वाटलं, झालं, सुटली बिचारी थोडीफार. पूर्ण नाही, पण खिडकी उघडावी एवढी. मी तिला जास्तीचा एक मासा वाढायला लावला.

ईस्टर होऊन गेला, बर्फ गेलं, आमच्या धंद्याला जरा जोर आला. एका शनिवारी सकाळी ती तपकिरी गाडी थेट गॅरेजच्या दारात येऊन थांबली. रोझाली उतरली ती मूठ पुढं करूनच. मुठीत तो माइक. वायर बोटांभोवती गुंडाळलेली.

"लाव," ती ऑर्व्हिलला म्हणाली. "आत्ता लाव."

"काय झालं?" मी विचारलं.

तिचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. "काल ते बोलता बोलता थांबले. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, रोझी, तू हल्ली काहीच बोलत नाहीस. रागावलीस का माझ्यावर?"

ऑर्व्हिलनं पेचकस उचलला.

"मी ओरडत होते थेल्मा. नाही पा, नाही रागावले, ऐका ना, नाही रागावले. काच बंद, गाडी चालू, मी एकटी बोंबलतेय. शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता. आणि ते म्हणत होते, मी काही केलं का. काही केलं असेल तर सांग. माझ्या लक्षात राहत नाही."

"मग घरी गेल्यावर सांगितलंस ना?"

"सांगितलं. खुर्चीसमोर गुडघ्यावर बसून सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही कशाला रागवाल."

मी तिच्यासाठी कॉफी आणली, ती तिनं प्यायली नाही.

ऑर्व्हिलनं सगळं परत खोललं. सेट बाहेर ओढला, वायर काचेच्या कडेच्या खांबाच्या आतून वर नेली, माइक सनशेडवर घट्ट बसवला. मग गाडी बाहेर उन्हात काढून उभी केली. आमच्याकडे रीत आहे, काम झालं की गिऱ्हाइकानं गाडीतून एक फोन करून बघायचा. एरवी ऑर्व्हिल बसतो शेजारी. त्या दिवशी त्यानं मला मानेनं खुणावलं, तू बस म्हणून. मी बसले. दारं लावली, कारण उघड्या दारातून रस्त्याचा आवाज माइकमध्ये जातो.

रोझालीनं घरचा नंबर लावला. घरी इर्मा होती, पण फोन म्हाताऱ्यानंच उचलला.

"हॅलो?"

खरंच, चारी बाजूंनी आवाज. कॅस वोय्तास जणू मागच्या सीटवर बसला होता.

"पा, मी बोलतेय."

"कोण?"

"मी. ऐकू येतंय ना तुम्हाला? मी रागावलेले नाहीये पा. कालही नव्हते. माझा माइक..." ती अडखळली. "फोन बिघडला होता. आता दुरुस्त केलाय. आता मी बोलू शकते."



"तुम्ही कोण बोलताय?"

"रोझी, पा. रोझी."

"बाई, फोन ठेवा," म्हातारा म्हणाला. रागानं नाही. दारात आलेल्या विक्रेत्याशी बोलावं तसं, सभ्यपणे. "मला लाइन मोकळी पाहिजे. माझी मुलगी यायची आहे. या वेळी ती गाडीत असते."

"मीच तुमची मुलगी. मी गाडीतच आहे. पा, माझा आवाज ओळखा ना."

"नाही नाही," तो म्हणाला. "रोझी बोलत नाही. रोझी ऐकते."

आणि त्यानं फोन ठेवला.

मी समोर बघत राहिले. रोझालीकडे बघायची माझी छाती नव्हती. दुकानाच्या काचेत आमचीच गाडी दिसत होती, आत दोन बायका. रोझालीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, गाडी चालू नसताना.

तेवढ्यात सेटवर दिवा लुकलुकला. घरचा नंबर. एकदा घंटी झाली आणि फोन आपोआप उचलला गेला.

"रोझी?"

तिनं तोंड उघडलं. मी बघितलं, तिनं श्वास घेतला होता. मग तिनं तोंड मिटलं. हात वर नेला आणि सनशेडवरचा माइक मुठीत धरला.

"रोझी, आहेस?"

गाडीत चिडीचूप. मीही श्वास धरला.

"हं, आलीस," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकं सुख होतं की माझे डोळे भरून आले. "कुणी तरी बाई मघापासून फोन करत होती. मी म्हटलं ठेव. तर काय सांगत होतो मी तुला. ते बसचं. मी बसच्या स्टँडवर बसलो होतो, बॅग मांडीवर..."

रोझालीनं माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मला उतरायचं होतं. ही माझ्या ऐकण्याची गोष्ट नव्हती. पण त्या जुन्या गाडीचं दार करकरत उघडतं, गावाला माहीत आहे. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. कॅस सांगत होता, बस लागली, माणसं चढली, आणि त्याला आठवलं की सकाळी रोझीच्या अंगाला हात लावला तेव्हा ती तापली होती.

"तेवढंच," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. म्हटलं ताप उतरला की जाऊ."

रोझालीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. एक माइकवर, एक ओठांवर.

ऑर्व्हिल बाहेरून काचेपाशी आला. वाकून त्यानं आत बघितलं, भुवया उंचावल्या आणि स्वतःच्या तोंडाशी बोट नेऊन खुणेनं विचारलं, माइक चालतोय का?

मी मान हलवली. चालत होता.